जळगावात होम थिएटर: ७५ इंची टीव्ही की प्रोजेक्टर? (मे महिना धरून सांगा)

तापीकाठ
मंडळी, सल्ला हवाय. हॉल १२ बाय १८ फूट, उंची १० फूट, पहिला मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. १८ फुटांच्या एका भिंतीत पश्चिमेकडे दोन खिडक्या. १२ फुटांची एक भिंत पूर्ण मोकळी आहे, पडदा किंवा टीव्ही तिथेच येणार. प्लास्टर अजून व्हायचंय, त्यामुळे वायरिंग आपल्या हातात आहे. दीड टनाचा एसी बसणार आहे. बजेट सगळं मिळून दोन लाख.

दुकानदाराचं म्हणणं ७५ इंची टीव्ही आणि साउंडबार घ्या. घरात दुसरा गट म्हणतो प्रोजेक्टर लावून १२० इंच करा. वापर म्हणाल तर रोज संध्याकाळी बातम्या-मालिका, क्रिकेट, आणि शनिवार-रविवार रात्री सिनेमे. काय घ्यावं?

शेवभाजी_फॅन
दोन लाखात एसी धरलाय का? नसेल तर आधी तो बघा. मे महिन्यात सिनेमा बघायला प्रेक्षकच उरायचे नाहीत.

फूटपट्टी
ब्रँड नंतर, आधी अंतर. पडद्याच्या कर्णाची दीडपट ते सवापट एवढ्या अंतरावर बसलं की चित्र डोळ्यात भरतं. नेमकं म्हणाल तर कर्ण गुणिले १.६ केलं की साधारण ३० अंशांचा कोन मिळतो, गुणिले १.२ केलं की ४० अंशांचा. पहिला रोजच्या टीव्हीला, दुसरा सिनेमाला.

७५ इंच × १.६ = १२० इंच, म्हणजे १० फूट. ६५ इंचाला हेच अंतर साडेआठ फुटांच्या आसपास येतं. १२० इंची पडद्याला १.२ ने १२ फूट. तुमच्या हॉलमध्ये सोफा १० ते १२ फुटांवर येणार असेल तर ६५ इंची घेऊ नका, भिंतीवर कॅलेंडर लावल्यासारखा दिसेल. ७५ ला सुरुवात करा.

सातपुडा
माझं मत प्रोजेक्टरला. ७५ इंची टीव्हीची रुंदी १६६ सेंमी, १२० इंची पडद्याची २६६. क्षेत्रफळ अडीच पटींहून जास्त. पाठीमागून प्रकाश फेकणारं पॅनल आणि पडद्यावरून परतून येणारा प्रकाश यात डोळ्यांना फरक जाणवतो, दोन-अडीच तासांच्या सिनेमात तर नक्कीच.

केळीबाग_रावेर
सातपुडा, पण त्यांनी पश्चिमेच्या दोन खिडक्या लिहिल्यात ना. मे महिन्यात आपल्याकडे सात वाजेपर्यंत सूर्य असतो. सहाच्या बातम्या आणि आठवड्यातून पाच दिवस मालिका, हा प्रोजेक्टरचा वापर नव्हे. आणि मालिका बघताना घरात कुणी दिवा बंद करू देत नाही. भाजी निवडायची असते.

फूटपट्टी
हिशेबच करू. १२० इंची पडदा म्हणजे जवळपास ४३ चौरस फूट. अंधाऱ्या खोलीत सिनेमासाठी चौरस फुटाला १४ ते १६ ल्युमेन (प्रकाशाचं माप) पडले तरी चित्र छान दिसतं, म्हणजे पडद्यावर ६००-७०० ल्युमेन. सिनेमा मोडला प्रोजेक्टर छापील आकड्याच्या निम्म्यावर येतो आणि लॅम्प असेल तर वय वाढेल तसा आणखी मंदावतो. म्हणून १५०० ते २००० खरे अन्सी (ठरलेल्या पद्धतीने पडद्यावर मोजलेले) ल्युमेन हवेत. हे झालं अंधारातलं. ट्यूबलाइट लावली की चौरस फुटाला ५० असले तरी काळा रंग राखाडी दिसतो, कारण प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्याचा रंग हाच त्याचा काळा. उजेडात पडदा पांढरा, तर काळाही पांढरा.

'९००० ल्युमेन, फोर-के सपोर्ट' असं लिहिलेले दहा-बारा हजारांचे डबे दिसतात. तो आकडा आतल्या दिव्याचा असतो, पडद्यावर त्याचे दोन-तीनशे पोचले तरी नशीब. 'सपोर्ट' म्हणजे फोर-के फाइल तो उघडेल, दाखवेल १२८० × ७२० किंवा १९२० × १०८० मध्येच. खोक्यावर 'नेटिव्ह रेझोल्यूशन' आणि 'अन्सी' किंवा 'आयएसओ' ल्युमेन हे दोन शब्द शोधा. नसतील तर खोकं परत ठेवा.

वायरमन_भुसावळ
टीव्ही की प्रोजेक्टर यात पडत नाही, पण प्लास्टर व्हायचंय म्हणता म्हणून लांबलचक लिहितो. दोन लाखांतले आठ-दहा हजार भिंतीच्या आत आणि डीबीत (एमसीबींच्या पेटीत) घाला.

पहिलं, न्यूट्रल. खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी साडेतीनशे-चारशेपर्यंत व्होल्टेज येऊ शकतं. शेजारच्या फेजवर लोड कमी-जास्त असेल तसं ते इकडे तिकडे झुलतं. टीव्हीचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) १०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला असतो, म्हणजे कमी व्होल्टेजची त्याला फिकीर नाही, जास्तीची आहे. स्पाइक गार्डची पट्टी इथे कामाची नाही. तिच्यातला एमओव्ही नावाचा छोटा भाग क्षणभराचा झटका गिळतो, सलग चारशे व्होल्ट आले की तोच जळतो. डीबीत डिन रेलवर (एमसीबी बसतात त्या पट्टीवर) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या. वरची मर्यादा २६०, खालची १८०, परत जोडणीला किमान एक मिनिट, एसी त्याच्यामागे असेल तर तीन मिनिटं. त्यासोबत टाइप-२ चा एसपीडी (सर्ज प्रोटेक्टर), मृगाच्या आधीच्या विजांसाठी.

दुसरं, अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि जानेवारीत ठीक असलेलं अर्थिंग मेमध्ये नावापुरतं राहतं. खड्डा खोल घ्या, पाणी ओतायला वर फनेलचा पाइप ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. टेस्टर मागवून रेझिस्टन्स पाच ओहमच्या आत आहे का बघा. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर महागडा ॲम्प्लिफायर आणायची घाई करू नका.

तिसरं, थिएटरच्या बोर्डाला डीबीतून वेगळी लाइन, २.५ चौरस मिमीची. एसी, फ्रिज आणि टाकीची मोटर तिच्यावर नको. मोटर चालू होताना स्पीकरमधून 'टक्क' येतं ते त्यामुळेच.

तापीकाठ
वायरमनदादा, इन्व्हर्टरवर चालेल का हे सगळं? लाइट जाते अधूनमधून.

वायरमन_भुसावळ
साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चालेल. स्क्वेअर वेव्हवर टीव्ही चालतो, पण एव्ही रिसीव्हरचा (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा) ट्रान्सफॉर्मर घुं घुं करतो आणि तापतो. ७५ इंची टीव्ही आणि रिसीव्हर मिळून चारशे वॅट धरा. १५० एएचची एक बॅटरी नवी असताना त्यावर दोन-अडीच तास ओढते. पंखेही त्याच्यावर असतील तर त्याहून कमी.

लॅम्पचा प्रोजेक्टर घेतलात तर यूपीएस लावाच. चालू असताना अचानक वीज गेली की आतला पंखा थांबतो, दिवा मात्र लालबुंद असतो. त्या उष्णतेने दिव्याचं आयुष्य घटतं. ६०० व्हीएचा यूपीएस सिनेमा पुढे बघायला नाही, प्रोजेक्टर रीतसर बंद करून पंखा थांबेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांसाठी.

भो_धुळ्याचा
आठे मे महिनामा मानूस भुंजाई जास, मशीनना काय दोष शे!

सातपुडा
@भो_धुळ्याचा हसू नका, मुद्दा बरोबर आहे. बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ५ ते ३५ किंवा फार तर ४० अंश लिहिलेलं असतं. बाहेर ४४-४५, वर उघडा स्लॅब, आणि प्रोजेक्टर टांगलेला नेमका छताखाली, जिथे खोलीतली सगळ्यात गरम हवा साचते. एसी अर्धा-पाऊण तास आधी लावा, प्रोजेक्टर छतापासून निदान एक फूट खाली येईल एवढा लांब पाइपचा माउंट घ्या, पाठीमागे आणि बाजूला फूटभर मोकळं ठेवा.

आणि कूलर! कूलरची हवा प्रोजेक्टरवर कधीही नको. बोअरचं पाणी जड असतं, त्याचे बारीक तुषार लेन्सवर आणि फिल्टरवर वाळले की पांढरा थर बसतो. कोरड्या फडक्याने घासलात तर कोटिंगला चरे पडतात.

केळीबाग_रावेर
धूळ पण सांगा की.

सातपुडा
हो. थ्री-एलसीडी (तीन रंगांना तीन पॅनल असलेल्या) प्रोजेक्टरला हवेचा फिल्टर असतो, तो आपल्याकडे फेब्रुवारी ते जून महिन्याला एकदा काढून ब्लोअरने साफ करावा. केला नाही तर धूळ पॅनलपर्यंत पोचते आणि पडद्यावर हिरवा किंवा निळसर पुंजका दिसायला लागतो. तो फोकस बदलला की मोठा-लहान होतो, तीच ओळखायची खूण. एका चिपच्या डीएलपीमध्ये (बारीक आरशांची चिप असलेल्या प्रोजेक्टरमध्ये) प्रकाशमार्ग बहुतेकदा बंदिस्त असतो, धुळीचा त्रास कमी. पण काही लोकांना त्यात नजर फिरवताना लाल-हिरव्या-निळ्या रेघा चमकतात. घरातल्या सगळ्यांना दुकानात नेऊन काळ्या पडद्यावरची पांढरी श्रेयनामावली दाखवा. ज्याला दिसायच्या त्याला तिथेच दिसतील.

गच्चीवरचा_सिनेमा
थोडं अवांतर. प्रोजेक्टरचा खरा उपयोग आपल्याकडे गच्चीवर. उन्हाळ्यात अर्धं खान्देश तिथेच झोपतं. ८० इंची पडदा फक्त १९ चौरस फुटांचा असतो, त्याला ४०० खरे अन्सी ल्युमेनचा छोटा प्रोजेक्टर पुरतो. पावणेआठनंतरच सुरू करा, त्याआधी चित्र फिकं दिसतं.

पांढरी चादर लावू नका, अर्धा प्रकाश आरपार जातो. पडद्यांच्या अस्तराचं जाड ब्लॅकआउट कापड आणा, चारी बाजूंनी दुमडून आयलेट ठोकून घ्या आणि नायलॉनच्या दोरीने पाइपच्या चौकटीला ताणा. वारा आला की खालच्या दोन आयलेट सोडून द्या, नाहीतर चौकटीसकट शेजारी. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरा बल्ब लावून ठेवा, किडे तिकडे जातात. लेन्ससमोर पाकोळी बसली की खलनायकाच्या गालावर फूटभर पंख दिसतात.

मी_नंदुरबारची
गच्चीवरच्या सिनेमाला शेजारची फर्माईश येते, ती पण बजेटमध्ये धरा. असो. मला विचारायचं होतं, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी यात नक्की काय बघायचं? दुकानात सगळेच झगझगीत दिसतात.

फूटपट्टी
ताई, दुकानात टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर असतो, त्यामुळे तिथे सगळे सारखेच चमकतात. रिमोट मागा, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडला आणा, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, मग बघा.

क्यूएलईडी हा एलसीडीच, मागच्या प्रकाशावर क्वांटम डॉटची फिल्म असते म्हणून रंग गडद. महत्त्वाचा प्रश्न पॅनल व्हीए की आयपीएस, हे एलसीडीचे दोन प्रकार. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) तीन-चार हजाराला एक, आयपीएसचा हजाराच्या आसपास. रात्रीच्या सिनेमाला व्हीए. पण व्हीए बाजूने बघितला की रंग उडतात. १२ फूट रुंद हॉलमध्ये दिवाणावर कडेला आजी बसत असतील तर आयपीएस बरा. मिनी एलईडी म्हणजे मागे शेकडो छोट्या दिव्यांचे झोन, अंधाऱ्या दृश्यात नको तिथले झोन विझतात. एचडीआर (उजळ आणि गडद भागांतला जास्तीचा फरक) खरोखर दिसायला हवा असेल तर या बजेटमध्ये तोच पर्याय. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो, काळा म्हणजे खरा काळा. पण बातम्यांची पट्टी आणि चॅनलचा लोगो रोज चार-चार तास एकाच जागी राहिला तर त्याची छाप पडू शकते. तापीकाठ यांचा वापर बघता मी ओएलईडी सुचवणार नाही.

आणि बॅकलाइट १०० वर ठेवू नका, ६०-७० पुरे. पट्टीतले एलईडी एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, एक तापून गेला की आवाज येतो पण चित्र काळं. आपल्याकडच्या उकाड्यात हा बिघाड ठरलेला. टीव्हीच्या मागे चार इंच मोकळी जागा सोडा, कोनाड्यात कोंबू नका.

कान_देऊन_ऐक
सगळे चित्रावरच बोलताहेत. दोन लाखांत निदान ऐंशी हजार आवाजाला काढा, नाहीतर ७५ इंचांवर वादळ दिसेल आणि ऐकू येईल पिपाणी.

दुकानदाराचा साउंडबार नाकारा असं म्हणणार नाही, पण छताला आवाज आपटून वरून ऐकवणारा प्रकार घेत असाल तर छत सपाट आणि कडक हवं, उंची आठ ते बारा फूट. तुमचा दहा फुटी स्लॅब त्याला चांगला. सागवानी कडीपाट, धाब्याचं माळवद किंवा पत्रे असतील तर ते पैसे पाण्यात.

प्लास्टर बाकी असताना मात्र ५.१ ची वायरिंग न करणं म्हणजे आलेली संधी घालवणं. रिसीव्हर, पुढे दोन, मध्ये एक, मागे दोन आणि सबवूफर. पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर, मागचे ११० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या किंचित मागे, बसलेल्याच्या कानापेक्षा फूट-दोन फूट वर. कोपऱ्यात छताला चिकटवलेले स्पीकर लग्नाच्या मंडपात शोभतात.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. ८८ डेसिबल (डीबी) सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॅटवर एक मीटरवर ८८ डीबी देतो. अंतर दुप्पट झालं की ६ डीबी कमी. ११ फुटांवर साधारण ७७-७८ उरतात. १६ वॅट दिले की १२ डीबी वाढून नव्वदच्या घरात. घरात याहून मोठा आवाज लागत नाही. म्हणून चॅनलला ७०-८० वॅट आरएमएसचा (सलग देता येणाऱ्या ताकदीचा) रिसीव्हर भरपूर झाला. खोक्यावर पाच आकडी पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली ताकद) असेल तर तो बँडवाल्याला द्या.

वायर १४ किंवा १६ गेजची शुद्ध तांब्याची. 'सीसीए' लिहिलेली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली असते, वाकवली की तुटते आणि टोकाला काळी पडते. स्पीकर वायर नाही मिळाली तर १.५ चौरस मिमीची चांगल्या कंपनीची साधी मल्टिस्ट्रँड वायर चालते. एका तारेला खूण करा, प्लसला प्लस. एका बाजूला उलटी जोडली की बास नाहीसा होतो आणि दोष सबवूफरला लागतो.

शेवभाजी_फॅन
आजवर इथे आलेल्या प्रतिसादांत 'बँडवाल्याला द्या' सर्वोत्तम. वाचनखूण साठवली.

फूटपट्टी
@कान_देऊन_ऐक, सोफा १० फुटांवर ठेवायला तुमची हरकत नाही ना? ७५ इंचाला तेच बरोबर.

कान_देऊन_ऐक
आहे हरकत. १८ फूट लांबीचा मध्य ९ फुटांवर येतो. तिथे आणि त्याच्या आसपास खोलीची पहिली अनुनादाची लहर, सुमारे ३१ हर्ट्झची, स्वतःलाच खाते. सबवूफर कितीही मोठा आणा, मधोमध बसलेल्याला खोल बास ऐकूच येत नाही, आणि मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला म्हणतो घर हललं. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसणं हा चांगला ठोकताळा आहे. मागच्या भिंतीपासून पावणेसात फूट, म्हणजे टीव्हीपासून सव्वाअकरा.

फूटपट्टी
सव्वाअकरावर ७५ इंचाचा कोन २७ अंशांचा होतो. ३० च्या जवळच आहे. मान्य. पण मग ८५ इंचाकडे मन जाणार.

कान_देऊन_ऐक
मन जाऊ द्या, पैसे नको. त्या फरकात चांगला दहा इंची सबवूफर येतो.

त्याची जागा शोधायची रीत: सबवूफर सोफ्यावर, जिथे आपण बसणार तिथे ठेवा. ३० ते ८० हर्ट्झचा सरकता सूर लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत जा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर अंगात आलं समजतील. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा) ८० हर्ट्झ. रिसीव्हरच्या माइकने कॅलिब्रेशन करताना पंखा, कूलर, एसी सगळं बंद. त्यासाठी पहाटेची वेळ बरी.

चाळीसगावकर
धाब्याच्या घरात चित्र वेगळं असतं. दोन-अडीच फूट जाड मातीच्या भिंती, आत चार-पाच अंश गारवा, आवाजही घुमत नाही. पण त्या भिंतीत अँकर धरत नाहीत. ७५ इंची टीव्ही ३० ते ४० किलोचा. मातीच्या भिंतीला लटकवण्यापेक्षा जमिनीवर उभी सागवानी चौकट करून तिला लावा. विटेच्या भिंतीत १० मिमीचे अँकर फास्टनर, भोक विटेच्या मधोमध, सांध्यात नाही. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्याचे खास अँकर लागतात, साधे फास्टनर महिनाभरात खुळखुळतात.

उंचीबद्दल पण बोला कोणीतरी. लोक टीव्ही देव्हाऱ्याच्या उंचीवर लावतात आणि मान वर करून दर्शन घेतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे साधारण ४० इंचांवर येतात. ७५ इंची टीव्हीची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवली की मध्य जवळपास तिथे येतो.

मी_नंदुरबारची
आणि घुमणं कमी करायला? नव्या स्लॅबच्या घरात टाळी वाजवली की टणटण होते. अंड्यांचे ट्रे लावतात म्हणे.

कान_देऊन_ऐक
अंड्यांचे ट्रे झुरळांसाठी. २ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटीत ५० मिमी जाडीचं रॉकवूल, घनता ४८ किलो प्रति घनमीटर, वरून सुती कापड. भिंतीपासून दोन इंच पुढे लावा, मागची पोकळीही काम करते. पुढच्या स्पीकरचा आवाज बाजूच्या भिंतीवर जिथे आपटतो तिथे एक-एक. ती जागा शोधायला एकाने भिंतीला आरसा लावून सरकवायचा. बसलेल्याला आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण.

पिंजाऱ्याकडून कापूस भरून घेतला तरी वरचे सूर छान शोषतो, आपल्याकडे त्याची कमी नाही. पण उंदरांना आवडतो आणि पेट घेतो, म्हणून प्लगजवळ नको. बास मात्र यातल्या कशानेच थांबत नाही, त्याला जाडीच लागते. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड दुहेरी पडदे लावा, ऊन आणि प्रतिध्वनी दोन्ही कमी.

शहादा_एक्स्प्रेस
सगळं खरं, पण भिंतीतला पाइप कोणी सांगितलाच नाही. इलेक्ट्रिशियन सवयीने २५ मिमीचा पाइप टाकतो. एचडीएमआयच्या प्लगचं डोकंच वीस-बावीस मिमी रुंद, एल्बोमध्ये अडकतं. टीव्हीच्या मागून रिसीव्हरच्या जागेपर्यंत ५० मिमीचा पाइप टाका, एल्बोऐवजी मोठे बेंड, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. दोरीच्या दोन्ही टोकांना खिळा बांधा, नाहीतर गवंडी ओढून टाकतो. याच मोकळ्या पाइपमधून दहा वर्षांनी नवी केबल जाईल. वीज आणि सिग्नल एका पाइपमध्ये नकोत, समांतर जात असतील तर फूटभर अंतर.

साधी तांब्याची एचडीएमआय फोर-के ६० फ्रेमसाठी पाच मीटरपर्यंत भरवशाची. प्रोजेक्टरपर्यंत १०-१२ मीटर जायचं तर ऑप्टिकल फायबरची घ्या. तिला दिशा असते, एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं. उलटी ओढलीत तर चित्र येणार नाही आणि सगळी परत काढावी लागेल. भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून तासभर चालवून बघा.

तापीकाठ
प्रोजेक्टरसाठीही आत्ताच पाइप टाकून ठेवू का मग?

शहादा_एक्स्प्रेस
जरूर. १२० इंची पडद्याची रुंदी २.६६ मीटर. थ्रो रेशो (अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.२ असेल तर लेन्स ३.२ मीटरवर, १.५ असेल तर ४ मीटरवर. म्हणजे पडद्यापासून साडेदहा ते तेरा फुटांच्या पट्ट्यात छतावर पाइपचं तोंड आणि एक १६ अँपियरचा पॉइंट काढा. बरोबर मध्यावर. तिरका लावून कीस्टोनने (तिरकं चित्र सरळ करायच्या सोयीने) सरळ करू म्हणाल तर पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं भुरकट होतात.

वायरमन_भुसावळ
पाइपची दोन्ही तोंडं फोमने बुजवा. पाल आत शिरून पॉवर बोर्डावर बसली की शॉर्ट होतो, आणि केबल उंदराने कुरतडली तर भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. आणि स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर आधी केबल टीव्हीची किंवा डिशची कोॲक्सियल काढून बघा. गुणगुण थांबली तर दोन ठिकाणचं अर्थिंग भांडतंय. सेट टॉप बॉक्सच्या वायरवर आयसोलेटर लावा. त्यासाठी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन तोडायचा सल्ला मिळेल. तोडू नका, शॉक बसेल.

भो_धुळ्याचा
पाल गेली तरी टीव्ही चालू ऱ्हायना पाहिजे 😀 बरं, मोबाइलवर फोर-के दिसतं आणि त्याच ॲपवर काही प्रोजेक्टरमध्ये धूसर, असं का?

फूटपट्टी
प्रमाणपत्राचा मामला. ओटीटी ॲप वाइडवाइन (चोरी रोखणारं कुलूप) एल-१ परवाना असलेल्या उपकरणालाच एचडी आणि फोर-के देतात, एल-३ वर साध्या दर्जावर आणून ठेवतात. स्वस्त प्रोजेक्टरमधलं अँड्रॉइड बहुतेकदा एल-३. उपाय सोपा, प्रमाणित स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावा. नेट १५ एमबीपीएसच्या वर असलं की फोर-केला पुरतं, वाय-फाय मात्र पाच गिगाहर्ट्झवर जोडा.

आवाजासाठी टीव्हीचा 'ईआर्क' लिहिलेलाच एचडीएमआय पोर्ट (टीव्हीतून आवाज बाहेर नेणारा) रिसीव्हरला. साध्या 'आर्क'मधून ओटीटीचा ॲटमॉस (वरूनही ऐकू येणारा आवाज) जातो, पण डिस्कवरचा ट्रूएचडी (दर्जा न घटवलेला आवाज) जात नाही. फक्त ओटीटी बघणार असाल तर साधा आर्कही चालेल.

केळीबाग_रावेर
खरेदीबद्दल दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा आणि प्रोजेक्टरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे कुणी जुनी छापील किंमत दाखवून 'सूट' देत असेल तर आधी तो फरक वजा करा. दुसरं, ७५ इंचीचं खोकं सहा फुटांहून लांब. जिन्याच्या वळणावर मोजून घ्या. टेम्पोत ते उभंच आणायचं, आडवं टाकलं की रस्त्याच्या खड्ड्यांत पॅनलला तडा जातो आणि तडा वॉरंटीत बसत नाही. सुरत-नाशिकहून मागवण्यापेक्षा जळगावातल्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्यात आग्रा रोडला दोन हजार जास्त गेले तरी चालेल, सर्व्हिसचा माणूस गावात येतो का एवढं विचारा.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं पक्कं: ७५ इंची मिनी एलईडी, व्हीए पॅनल, खालची कड दोन फुटांवर, सोफा सव्वाअकरा फुटांवर. रिसीव्हरसह ५.१, सबवूफर दहा इंची. डीबीत प्रोटेक्टर आणि एसपीडी, वेगळी लाइन, ५० मिमीचे दोन पाइप, छतावर प्रोजेक्टरचा पॉइंट मोकळा. प्रोजेक्टर गट तूर्त गच्चीवर. बजेट जरा ताणलं जातंय, काय मागे ठेवू?

सातपुडा
नाइलाजाने सहमत. छतावरचा पॉइंट मात्र विसरू नका, मी वाट बघतोय.

कान_देऊन_ऐक
मागचे दोन स्पीकर नंतर घ्या. वायर आत्ता ओढून घ्या, टोकं डब्बीत गुंडाळून वर ब्लँक प्लेट लावा. मधला स्पीकर आणि सबवूफर कापू नका, संवाद नव्वद टक्के मधल्यातूनच येतात. ३.१ वर रिसीव्हर आनंदाने चालतो, मेनूमध्ये 'सराउंड: नाही' करा म्हणजे मागचा आवाज पुढच्या दोनमध्ये मिसळतो.

वायरमन_भुसावळ
आणि प्लास्टरच्या आधी सगळ्या पाइपांचे टेप लावून फोटो काढून ठेवा. ब्रॅकेटवाला ड्रिल घेऊन येईल तेव्हा त्याला तोच फोटो दाखवायचा.